पायवाटेवर गवत का उगवत नाही?

ऑक्टोबर लागला की ठाणे जिल्ह्यातील माळरानांवरचे गवत पिवळे पडू लागते. चिखल वाळतो आणि पावसाळ्यात दिसेनाशा झालेल्या पायवाटा पुन्हा डोळ्यांत भरतात. अशा दिवसांत कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस.टी.त बसा आणि वैशाखरे गावाजवळ उतरा. तेथून नाणेघाटाची वाट निघते. दोन्ही बाजूंना कमरेएवढे गवत आणि मधून हातभर रुंदीची उघडी, मातकट रेघ! ही रेघ कोणी खणलेली नाही, की तिच्यावर रोज कोणी खुरपे घेऊन बसत नाही. मग तिच्यावर गवत का नाही?

चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. मातीच्या कणांमधील या फटींतून हवा आणि पाणी खेळते, मुळे पसरतात. आता तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे असे समजा. चालताना टाच टेकते तेव्हा हा सारा भार क्षणभर सुमारे ३० चौ. सें.मी. जागेवर पडतो, म्हणजे दर चौ. सें.मी.ला दीड किलोग्रॅम! मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ किलोग्रॅम असतो. तेव्हा आपली टाच काही फार मागे नाही. ओल्या मातीवर असा दाब पुन्हा पुन्हा पडला की फटी मिटतात. मग पाणी मुरत नाही, बी रुजले तरी मूळ आत शिरत नाही, आणि कोवळा कोंब वर आलाच तर पुढचे पाऊल त्याच्यावर पडते.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा (धारदार कडांपासून जपा) वाटेवर दोन बोटे खोल दाबून बसवा, पेलाभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. मग तोच प्रयोग पाच पावले आत, गवतात करा.

वाटेच्या अगदी कडेला मात्र दूर्वा आढळतील. त्यांची खोडे जमिनीलगत सरपटतात आणि वाढीचे कोंब मातीशी टेकलेले असतात, म्हणून त्या तुडवणे सोसतात. थोडे बाजूला टाकळा, आघाडा आणि कुसळी गवत. आघाड्याची फळे तुमच्या कपड्यांना चिकटतील, आणि कुसळे तर पायमोज्यांतून टोचतील. वैतागू नका; एक कुसळ काढून त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडू लागतो आणि कुसळ गरगर फिरते! वाळले की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या आळीपाळीने हे बी स्वतःला गिरमिटासारखे मातीत घुसवते. वाटसरू अशी बियाणी पुढच्या गावापर्यंत पोचवतात. तेव्हा वाटेवर गवत नसले, तरी गवताच्या प्रसाराला वाट उपयोगी पडतेच.

चढ लागला की वेगळीच अडचण येते. दबलेल्या मातीत न मुरलेले पाणी वाटेवरूनच धावते आणि तिची घळ करून टाकते. नाणेघाटाच्या वरच्या भागात दगडी पायऱ्या आहेत त्या यामुळेच टिकाऊ ठरल्या. हा कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. वर गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञातील दक्षिणेचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांमध्ये त्यांची गणना होते. गणिताच्या शिक्षकांनी वर्ग घेऊन जावे अशी ही जागा!

वाट टिकते ती चालण्यामुळे. पावले थांबली तर मुळे, मुंग्या, गांडुळे माती पुन्हा भुसभुशीत करतात आणि वाट बुजते. गंमत म्हणजे कायदाही जवळजवळ हेच सांगतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार दुसऱ्याच्या खाजगी जमिनीतून २० वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वहिवाट असेल, तर जाण्याचा हक्क मिळू शकतो. आणि सलग २० वर्षे ती वाट वापरली नाही, तर तो हक्क संपतो. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने गावोगावच्या सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशांवर नोंदवण्याचे काम सुरू झाले. एकदा नोंदलेली वाट तेथे केवळ कोणी चालत नाही म्हणून रद्द होत नाही. शेतातून गेलेल्या अशा वाटांवर तेथील लोक शरद ऋतूत हौसेने फिरायला निघतात.

आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या गावांत इमारती उठत असताना शाळेची, तळ्याची, स्टेशनची जुनी वाट कुंपणाआड जायला वेळ लागत नाही. वापरातली वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. महसूल खात्याच्या गावनकाशावर पायवाट एका तुटक रेघेने दाखवलेली असते. तुमच्या गावाचा नकाशा मिळवा, त्यावरील तुटक रेघा वहीत उतरवून घ्या आणि या सुट्टीत त्यांतली प्रत्येक चालून पाहा. जेथे रेघ आहे पण वाट नाही, तेथे खूण करा आणि तिथे आता काय उभे आहे तेही लिहा.