पुसल्या तरी परत येणाऱ्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या सेवा केंद्रांतले, शाळांतले, डीटीपीवाल्यांकडचे कितीतरी धडधाकट संगणक जुनाट ठरले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, म्हणून विंडोज ११ बसत नाही. पडद्याने नापास म्हटलं की मुकाट मान्य करायचं, ही सवय आपल्याला रजिस्ट्री क्लीनरांनी, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही ‘साफ’ करणाऱ्या प्रोग्रॅमांनी लावली, असं माझं ठाम मत आहे.

विंडोज ९५, ९८ची वर्षं ओलांडून सरळ एक्सपीच्या दशकात येऊ. ऑक्टोबर २००१मध्ये एक्सपी बाजारात आलं, त्याच वर्षी एमकेसीएल ही संगणक-शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांनी पुढे तालुक्यातालुक्यांत संगणक नेला. ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार संपेपर्यंत ‘पीसी स्लो झाला’ या तक्रारीवर उतारा ठरलेला: क्लीनर टाका, स्कॅन मारा, सगळं फिक्स करा. स्कॅनमध्ये शेकडो ‘एरर’ निघत, त्यांत ‘अनयूज्ड फाइल एक्स्टेन्शन’ हमखास. साफ केलं की दोन दिवसांत त्याच नोंदी परत. मग फुकटातलं क्लीनर कच्चं समजून पैसे भरून पक्कं घ्यायचं.

मुळात त्या चुका नव्हत्याच. लग्नपत्रिकेची ‘पी६५’ फाइल कुणी पेनड्राइव्हवर आणली, त्या मशीनवर पेजमेकर नाही. दुकानदार ‘ओपन विथ’मधून दुसरं काही निवडून पाहतो आणि विंडोज ते एक्स्टेन्शन रजिस्ट्रीच्या ‘फाइलएक्स्ट्स’ शाखेत टिपून ठेवतं. क्लीनरला नोंदीमागे प्रोग्रॅम सापडत नाही, म्हणून तो तिला निरुपयोगी म्हणतो. नोंद पुसली तरी पेजमेकरच्या फायली घेऊन येणारं गिऱ्हाईक थोडंच थांबणार? वनहक्क दाव्यांच्या नकाशांच्या ‘एसएचपी’ फायलींचंही तेच.

साफसफाईनंतर मशीन हलकं वाटायचं, असं सांगणारे आहेत. त्यासोबत टेम्प फायली उडालेल्या असत, मशीन रीस्टार्ट झालेलं असे. फरक पडायचा तो त्याने. रिकाम्या नोंदी काढून वेग वाढत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्हायरसने ‘ईएक्सई’ची जोडणीच बिघडवली तर? पेनड्राइव्हच्या त्या काळात हे खरंच होई आणि एकही प्रोग्रॅम उघडत नसे. पण तिथे बरोबर जोडणी पुन्हा लिहावी लागते, नोंद पुसून भागत नाही. मायक्रोसॉफ्टनेही रेगक्लीन हे स्वतःचं क्लीनर मागे घेतलं आणि अशा साधनांना आपला पाठिंबा नाही असं सांगितलं. २०१७मध्ये तर सीसीक्लीनर या लोकप्रिय क्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला आणि ती वीस लाखांहून जास्त संगणकांवर पोचली.

खरी दुखणी कॅबिनेटमध्ये होती. चंद्रपूरचा मे ४५ अंशांपुढे जातो, कोळशाची धूळ पंख्यावर बसते आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. भामरागड-एटापल्लीकडे कामाच्या मध्येच वीज जाते आणि अर्धवट लिहिलेली फाइल खराब होते. ब्लोअर मारून धूळ काढणारा, २५६ एमबीच्या जोडीला आणखी रॅम लावून देणारा, यूपीएसची बॅटरी बदला म्हणून बजावणारा कारागीर तेव्हा गल्लीत होता. पाच मिनिटांत पाचशे चुका दाखवणाऱ्या पडद्यापुढे त्याच्या ब्रशला किंमत उरली नाही. विंडोज ११ने नाकारलेल्या मशीनवर लिनक्स बसवून द्यायला, केंद्रातलं बायोमेट्रिक यंत्र त्यावर चालेल की नाही हे तपासून सांगायला आज तोच हवा होता, आणि तालुक्याच्या गावात तो आता शोधावा लागतो.