ब्रेक ऑइल बदलणे (एबीएस असलेली मोटारगाडी)

ब्रेक ऑइल बदलणे ही मोटारगाडीच्या ब्रेक प्रणालीतील जुना द्रव काढून नवा द्रव भरण्याची प्रक्रिया आहे. व्यवहारात 'ऑइल' म्हटले जात असले तरी बहुतेक गाड्यांत हा द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांचा बनलेला असतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी प्रणाली, असलेल्या अनेक गाड्यांतही हे काम घरी करता येते. मात्र नळ्यांत हवा शिरू न देणे ही त्याची मुख्य अट आहे.

कारणे

हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. त्यातील पाण्याचे प्रमाण वाढते तसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. अमेरिकी मानकानुसार 'डॉट ४' द्रवाचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३०° से., तर ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर किमान १५५° से. असावा लागतो. घाट उतरताना ब्रेक तापून द्रव उकळल्यास त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. त्यामुळे पेडल खाली जाऊनही ब्रेक लागत नाही. म्हणून अनेक उत्पादक दोन ते तीन वर्षांनी द्रव बदलण्यास सांगतात.

एबीएसमुळे पडणारा फरक

बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत आली. या प्रणालीत मास्टर सिलिंडर आणि चाके यांच्यामध्ये विद्युत झडपा, पंप व लहान कोठ्या असलेला एक संच असतो. नेहमीच्या ब्रेकच्या वेळी पंपाकडे जाणारा मार्ग बंद राहतो. त्यामुळे साध्या पद्धतीने द्रव बदलताना तेथील थोडा जुना द्रव तसाच राहतो. नियमित देखभालीत त्याने सहसा अडचण येत नाही. परंतु तेथे हवा शिरल्यास ती केवळ पेडल दाबून निघेलच असे नाही. अनेक गाड्यांत स्कॅनर जोडून पंप व झडपा चालवाव्या लागतात.

कृती

# गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावतात व ती जॅकने उचलून स्टँडवर टेकवतात. इंजिन बंद ठेवतात.
# टाकीतील जुना द्रव पिचकारीने शक्य तितका काढतात, पण टाकी पूर्ण रिकामी न करता त्यात पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा नवा द्रव भरतात.
# चाकाजवळील ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील द्रवात बुडवतात.
# एक जण पेडल सावकाश दाबतो, दुसरा निपल सैल करतो. पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करणे आवश्यक असते.
# स्वच्छ द्रव येईपर्यंत ही क्रिया करतात. दर चार-पाच वेळा टाकी पाहून ती 'किमान' खुणेच्या वर ठेवतात.

चाकांचा क्रम गाडीनुसार बदलतो. तो पुस्तिकेतून पाहतात.

दक्षता

'डॉट ५' हा सिलिकोनयुक्त द्रव ग्लायकॉलच्या द्रवात मिसळू नये. द्रव रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. जुना द्रव गटारात ओतू नये. विद्युत-नियंत्रित ब्रेक असलेल्या काही गाड्यांत, विशेषतः हायब्रिड गाड्यांत, साध्या बदलासाठीही स्कॅनर लागतो. काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल घट्ट लागते का आणि ब्रेकचा इशारादिवा विझतो का, हे पाहावे. पेडल मऊ लागल्यास गाडी रस्त्यावर नेऊ नये.