युरेनियम रुथेनियम सिलिसाइडमधील गुप्त क्रम

गुप्त क्रम ही युरेनियम रुथेनियम सिलिसाइड या धातुगुणी संयुगात १७.५ केल्विन (सुमारे उणे २५६ अंश सेल्सियस) तापमानाखाली आढळणारी इलेक्ट्रॉनांची प्रावस्था आहे. या संयुगात युरेनियमच्या एका अणूमागे रुथेनियम व सिलिकॉन यांचे प्रत्येकी दोन अणू असतात. ते 'जड फर्मिऑन' वर्गात मोडते, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन मुक्त इलेक्ट्रॉनापेक्षा कित्येक पटींनी अधिक वस्तुमान असल्याप्रमाणे वागतात. हे वस्तुमान खरोखर वाढलेले नसते. युरेनियमच्या आतील कक्षांतील इलेक्ट्रॉन आणि वहन इलेक्ट्रॉन यांच्या परस्परक्रियेचा तो परिणाम होय.

सामान्यतः प्रावस्था बदलताना एखादी सममिती भंग पावते. लोखंड तप्त असताना त्यातील अणुचुंबकांना सर्व दिशा सारख्याच असतात. ते निवले की एक दिशा निवडली जाते. कोणती सममिती भंगली हे कळले, की प्रावस्थेची ओळख पटते. येथे नेमकी तीच पटलेली नाही.

पालस्ट्रा, मायडॉश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या संयुगातील संक्रमणे प्रसिद्ध केली, तेव्हा १७.५ केल्विनचे संक्रमण चुंबकीय मानले गेले. त्या तापमानाला विशिष्ट उष्णतेच्या आलेखात ठळक शिखर दिसते, अर्थात इलेक्ट्रॉनांची अव्यवस्था बरीच घटते. न्यूट्रॉन प्रकीर्णनात मात्र प्रत्येक युरेनियम अणूमागे केवळ ०.०३ बोर मॅग्नेटॉन इतकेच चुंबकीय परिबल आढळले. एवढ्याशा चुंबकत्वाने तेवढा बदल घडणे शक्य नाही. ते स्फटिकातील ताणग्रस्त भागांतून येत असावे, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. सुमारे ०.५ गिगापास्कल दाबापलीकडे खरे प्रतिलोहचुंबकत्व प्रकटते व परिबल ०.४ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास जाते.

२०११ मध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांवरील चुंबकीय पीळ मोजला असता, पायाच्या प्रतलातील चौपट परिभ्रमण सममिती भंगत असल्याचे संकेत मिळाले. चौरस ९० अंशांनी फिरवला तर पूर्ववत दिसतो; इलेक्ट्रॉनांची रचना तशी दिसत नव्हती. या निष्कर्षावर एकमत झाले नाही. २०२० मध्ये ध्वनिलहरींच्या अनुस्पंदनावरून केलेल्या मापनांनी क्रम एकाच घटकाचा असल्याचे सुचवले, त्यामुळे दोन घटक गृहीत धरणारे सिद्धांत अडचणीत आले.

हा प्रश्न केवळ नामकरणाचा नव्हे. सुमारे १.५ केल्विनखाली हे संयुग अतिसंवाहक बनते, परंतु ती अतिसंवाहकता गुप्त क्रमाच्या आश्रयानेच टिकते. दाबाखाली प्रतिलोहचुंबकीय प्रावस्था आली की ती नाहीशी होते.