हत्ती गवत, गॅस आणि वर्ध्याचं वावर

सोयाबीनने दगा दिला, कापसाचा भाव पडला, की वर्ध्याकडे कुठलं तरी नवं पीक चर्चेला येतं. सध्या पाळी गवताची आहे. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात: बारा फूट उंच गवतात हात वर करून उभा शेतकरी, मागे गॅसचा प्लांट आणि खाली एकरी उत्पन्नाचा आकडा. गॅसची मागणी खोटी नाही. 1 ऑक्टोबर 2018 रोजी केंद्राने जैव-सीएनजीसाठी ‘सतत’ योजना सुरू केली. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये 2025-26 पासून 1 टक्का आणि 2028-29 पासून 5 टक्के जैववायू मिसळण्याचं बंधन ठरलं आहे. गोंधळ आहे तो गवताबद्दल.

पहिला घोळ म्हणजे दोन वेगळी गवतं एकच समजली जातात. आपल्याकडे हत्ती गवत म्हणजे नेपियर. ब्रिटनमधले शेतकरी मात्र मिस्कॅन्थसलाही हत्ती गवतच म्हणतात. मग तिकडचा ‘खत नको, पंधरा-वीस वर्षं पुन्हा लावायला नको’ हा गुण आणि इकडचा ‘एकरी साठ टन’ हा आकडा एकाच व्हिडिओत येतो. असं दोन्ही गुणांचं गवत कुठल्याच वावरात उगवत नाही.

मिस्कॅन्थस हे थंड मुलखाचं ऊर्जापीक. 1935 मध्ये अक्सेल ओल्सेन यांनी जपानमधून ते डेन्मार्कला नेलं, तेव्हा ते बागेची शोभा होतं. त्याची खरी करामत हिवाळ्यात दिसते. थंडी पडू लागली की पानांतलं नत्र आणि पालाश जमिनीखालच्या गड्ड्यांत परत जातं, वरचा भाग वाळतो आणि वसंताच्या तोंडाशी शेतकरी नुसत्या वाळलेल्या काड्या कापून नेतो. खत कमी लागतं ते यामुळे. काडीत पालाश आणि क्लोरीन कमी उरल्याने बॉयलरमध्ये राख चिकटून बसण्याचा त्रासही कमी होतो. वर्ध्यात तसली कडक थंडी नाही, आणि हिवाळा सरला की समोर पंचेचाळीस अंशांचा मे उभा.

आता त्या साठ टनांकडे येऊ, कारण फसगत इथेच होते. नेपियरचं वजन ओलं सांगतात, मिस्कॅन्थसचं सुकं. युरोपात मिस्कॅन्थस हेक्टरी 10 ते 15 टन सुकं मिळतं, म्हणजे एकरी 4 ते 6 टन. ते साठ टनांपुढे केविलवाणं वाटतं. पण ओल्या नेपियरमध्ये साधारण 80 टक्के पाणी असतं, म्हणजे साठातले अठ्ठेचाळीस टन पाणीच. सुका माल उरला 12 टन. तरीही नेपियर पुढेच आहे, यात वाद नाही. त्याची किंमत काय, हे मात्र व्हिडिओत नसतं. नेपियर दर दीड-दोन महिन्यांनी हिरवं कापलं जातं, त्यामुळे पानातलं काहीच मुळांकडे परतत नाही. या गवतात 8 ते 10 टक्के प्रथिनं धरली, तर बारा टन सुक्या मालाबरोबर वर्षाला एकरी दीडशे किलोच्या वर नत्र वावराबाहेर जातं. युरियात मोजायचं तर 45 किलोची सात पोती. प्लांटमधून निघणारी स्लरी परत वावरात आली तर त्यातलं बरंचसं भरून निघतं. पण ती आणायची कोणी आणि टँकरचं भाडं कोणाच्या खिशातून, हे करारात लिहिलेलं असेल तरच.

‘पडीक जमिनीत, पाण्याविना येतं’ हा दावा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत महागात पडणारा. पाणी तुटलं की नेपियर मरत नाही, हे खरं. ते नुसतं थांबतं. साठ टन हवे असतील तर उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी ओलित लागतं. वर्धा जिल्ह्यात पाऊस सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. इथला बराचसा कापूस कोरडवाहू आहे, तो काही हौसेने नव्हे. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे, त्याची जमीन पडीक राहिलेलीच नसते. तो तिथे भाजीपाला किंवा संत्रा घेतो. म्हणजे नेपियरची स्पर्धा बरड माळाशी नसून जिल्ह्यातल्या सर्वांत चांगल्या ओलिताशी आहे. ‘पडीकावर येतं’ हा दावा जैवडिझेलच्या जट्रोफाच्या वेळीही झाला होता. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोठा आराखडा मांडला, 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के जैवडिझेल मिसळायचं लक्ष्य होतं. पडीक जमिनीवर झाडं जगली, पण बिया हाती लागल्या त्या मूठभर. जट्रोफात पैसा झाला तो रोपं विकणाऱ्यांचा. नेपियरला 90 बाय 60 सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरी साधारण साडेसात हजार कांड्या लागतात. कांडीचा भाव विचारा, म्हणजे व्हिडिओ कोण बनवतं ते कळेल.

‘हे गवत कांसासारखं पसरून वावर खाईल’ ही उलटी भीतीही ऐकू येते. ती बहुतांशी निराधार आहे. संकरित नेपियर हे नेपियर आणि बाजरीचं अपत्य: नेपियरची गुणसूत्रं 28, बाजरीची 14, संकराची 21. गुणसूत्रांचे तीन संच असल्याने जोड्या नीट लागत नाहीत आणि बी धरत नाही. लागवडीच्या मिस्कॅन्थसची गोष्टही तीच; 76 आणि 38 वाल्या दोन जातींतून 57 चा वांझ संकर झाला. दोन्ही गवतं कांडीवरून किंवा गड्ड्यावरूनच वाढवावी लागतात. त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर एकाच झाडाच्या नकला उभ्या राहतात. एखादा रोग आला तर त्याला सगळं शेत सारखंच. म्हणून वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाचे पैदासकार बियांपासून लावता येतील असे मिस्कॅन्थसचे संकर तयार करण्यामागे आहेत. आणि ज्याला आपण शिव्या घालतो तो कांस? कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा कांसाशी संकर करून 1918 मध्ये को 205 ही जात दिली. उसाच्या अंगात काटकपणा आला तो या तणामुळे.

अंतराचा हिशेब कोणी करत नाही. दहा टनांच्या ट्रकमध्ये आठ टन पाणी चाललेलं असेल, तर प्लांट शिवाराजवळच हवा. उंच दाट गवत रानडुकरांना आवडता आसरा असतो, हेही बोर अभयारण्याच्या कडेच्या गावांनी लक्षात ठेवावं.

जाळण्यासाठी सुका माल हवा असेल तर तो जिल्ह्यात आधीच आहे. कापूस निघाल्यावर हेक्टरी 2 ते 3 टन पऱ्हाटी उरते. तिला वेगळं पाणी नको, खत नको, जमीनही नको. थोडी सरपणाला जाते, बाकीची फेब्रुवारी-मार्चमध्ये धुऱ्यावर पेटवतात. ती वेळेत उपटून कुट्टी केली तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो. अडचण आहे ती गोळा करण्याची. पऱ्हाटी हलकी आणि आडमुठी असल्याने बंडीभर दिसली तरी वजन भरत नाही. म्हणून जागेवर कुट्टी करणारं यंत्र आणि जवळपास पांढऱ्या कोळशाचा, म्हणजे कुट्टी दाबून केलेल्या ब्रिकेटचा, कारखाना, एवढं जुळावं लागतं. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नागपूरच्या केंद्रात पऱ्हाटीच्या ब्रिकेट आणि पेलेटवर काम केलेलं आहे. ऑक्टोबर 2021 च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात जैवइंधन मिसळायला सांगितलं, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर काही वर्ध्याहून दूर नाहीत.

जमीन कशासाठी वापरायची, हा वाद वर्ध्यात जुनाच आहे. 1934 साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा ताडगुळाच्या बाजूने बोलत. ताड धुऱ्यावर, पडीकावर येतो. मग गुळासाठी धान्याची जमीन उसाला का द्यायची, असा त्यांचा सवाल होता.

नेपियर वाईट नाही. राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत हे वाण विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत लावा आणि गोठ्यात टाका. गॅस मग शेणातूनही निघतो: किलोभर ताज्या शेणाला साधारण 40 लिटर. घरात चार-पाच ढोरं असली तर दोन घनमीटरचा संच चालतो, कुटुंबाचा स्वयंपाक होतो, आणि स्लरी आणायला टँकर लागत नाही.