नृत्यवर्गाची दोन वेळापत्रकं

नाशिकच्या कथक वर्गात दोन वेळापत्रकं चालतात. एक परीक्षेचं, उन्हाळी आणि हिवाळी सत्रांचं. दुसरं सणांच्या तिथींचं.

पहिल्याचं मूळ पं. विष्णु दिगंबर पलुस्करांपर्यंत जातं. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीत विद्यालय काढणारे पलुस्कर उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. 1931 मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. या मंडळाच्या परीक्षा आज नृत्यातही होतात. ‘प्रारंभिक’पासून सुरू झालेली मुलगी ‘विशारद’, जमल्यास ‘अलंकार’ गाठते. मुलीच्या नाचाकडे कपाळाला आठ्या घालून पाहणारी घरं या प्रमाणपत्रांनी बरीचशी निवळली.

पण परीक्षेत समोर असतो परीक्षक. प्रेक्षक मिळतात ते सणांमुळे. गुरुपौर्णिमेला नवख्या मुली ततकार, म्हणजे मूळ पदन्यास, करून दाखवतात. गणपतीत मांडवात गणेशवंदना होते. दसऱ्याला घरी पाटीपूजन, तर वर्गात घुंगरांना आणि तबल्याला हळदकुंकू. कृष्ण तर कथकच्या अभ्यासातच आहे: गोकुळाष्टमीला माखनचोरीचा गतभाव, फाल्गुनात होरी वेगळी शोधावी लागत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावरच्या पाडवा पटांगणावर ‘अंतर्नाद’ हा कार्यक्रम होतो. वेगवेगळ्या गुरूंचे विद्यार्थी तिथे एकत्र गातात, वाजवतात, नाचतात. एवढा मोठा समूह म्हटला की लय आवरती ठेवावी लागते आणि प्रत्येक वर्गाची हाताची ठेवण जुळवून घ्यावी लागते.

इथेच सणाची मर्यादाही दिसते. समूहनृत्यात सगळं आधी बसवलेलं असतं, बहुतेकदा ध्वनिमुद्रित संगीतावर. कथकची खरी मजा एकल नाचात, समोरच्या तबलजीशी होणाऱ्या सवाल-जवाबात. ती बाजू नाशिकमध्ये जपली कीर्ती कला मंदिरासारख्या संस्थांनी. रेखा नाडगौडा यांची ही संस्था कथक नर्तक पं. गोपीकृष्ण यांच्या स्मृतीसाठी महोत्सव भरवत आली आहे.

सण मुलीला मंचावर चढवतो, परीक्षा तिला वर्षानुवर्षं वर्गात ठेवते. पण मांडवात पुढच्या रांगेत कोण, हे ना तिथी ठरवते ना प्रमाणपत्र. सोळा मात्रांच्या त्रितालात जिची तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, नेमकी समेवर, पहिल्या मात्रेवर, येते, तीच पुढे उभी राहते.