वाहन हाकणारे मन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नई सडक सायंकाळच्या वेळी पाहावी. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या फौजेची छावणी येथे पडली, म्हणून या वस्तीला लष्कर हे नाव मिळाले. आता तेथे मोटारी, फटफट्या, रिक्षा, सायकली आणि पादचारी एकाच वेळी वाट काढीत असतात. प्रत्येकाला घाई असते आणि प्रत्येकाच्या मते चूक दुसऱ्याचीच असते. पायी चालणाऱ्याला फटफटीवाला उन्मत्त वाटतो. तोच गृहस्थ फटफटीवर बसला, की त्याला पायी चालणारे बेशिस्त वाटू लागतात. माणूस तोच; पालटले ते केवळ आसन.

ही वृत्ती एका गावाची नव्हे. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ९३ टक्के आणि स्वीडनमधील ६९ टक्के व्यक्तींनी, वाहन चालविण्यात आपण इतरांहून अधिक कुशल आहो, असे सांगितले. निम्म्याहून अधिक माणसे मधल्या पायरीच्या वर कशी असतील? आपल्या कौशल्याविषयीचा हा फाजील विश्वास हाच पहिला धोका होय.

दुसरा धोका अवधानाचा. डोळ्यांसमोर असलेले सर्व मनाला दिसतेच, असे नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर अंतर काटते. सावध चालकालाही संकट ओळखून ब्रेकवर पाय ठेवण्यास सुमारे एक सेकंद लागतो. मन घरच्या काळजीत किंवा दूरध्वनीवरील संभाषणात गुंतले, की हा काळ वाढतो. दोन्ही हात सुकाणूवर असले, तरी मन तेथे नसते. झोपेचे तर विचारूच नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना चार सेकंद डुलकी लागली, तर वाहन ६५ मीटरांहून अधिक अंतर चालकावाचून धावते.

चालकाच्या मनाची परीक्षा घ्यावी, हा विचार जुना आहे. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी विद्युत ट्रामच्या चालकांचे अवधान तपासण्याची रीत योजिली व १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८६ वे कलम असे सांगते, की ज्या व्याधीमुळे आपले वाहन चालविणे लोकांना धोक्याचे होईल, ती आपल्याला आहे हे ठाऊक असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. परवान्याच्या अर्जात फेफरे व घेरी यांविषयी विचारणा असते. परंतु कालची रात्र जागून काढली काय, मनात संताप धुमसत आहे काय, हे रोज सकाळी कोण विचारणार? तेथे परीक्षक आणि परीक्षार्थी एकच. शिवाय थकलेल्या मनाला आपला थकवाही नीट उमगत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्याच्या स्वारगेट आगारातून राज्य परिवहन मंडळाच्या एका चालकाने बस पळविली आणि भर रस्त्यात नऊ जणांचे प्राण घेतले. त्याला वेड लागले होते, हा बचाव न्यायालयांनी मान्य केला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. अशी घटना विरळाच. परंतु न्यायालयात मनाची चिकित्सा होते, ती अनर्थ घडून गेल्यावर. ती आधी व्हावयास हवी, हा त्यातील बोध विसरता येत नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूमागे वेड नव्हते, वेग होता.

म्हणून उपाय दैनंदिन हवेत. 'आज मन ठिकाणावर नाही,' असे चालकाने प्रांजळपणे सांगितले, तर त्याची रोजी बुडणार नाही, अशी व्यवस्था मालकाने ठेवावी. शिक्षेच्या भयाने सत्य लपते, आणि लपलेले सत्य रस्त्यावर उघडे पडते. घरच्यांनीही भांडणानंतर किल्ली हाती घेणाऱ्यास घटकाभर बसवून पाणी द्यावे. आणि नई सडकेवर पुढचा म्हातारा सावकाश रस्ता ओलांडत असेल, तर उद्या आपणही तसेच चालणार आहो, एवढे फटफटीवाल्याने स्मरावे. इंजिनाची तपासणी कारागीर करील. मनाची तपासणी मात्र ज्याची त्यानेच, किल्ली फिरविण्यापूर्वी करावयाची असते.