स्वस्ताई कोणत्या महिन्याची?

कॅरिबियन बेटांवरचे हॉटेलांचे दर एप्रिलच्या मध्यानंतर उतरतात आणि डिसेंबरच्या मध्याला पुन्हा चढतात. मधल्या आठ महिन्यांना सरसकट मंदीचा हंगाम म्हणतात, आणि पर्यटक दोनच गोष्टी विचारतो : पाऊस किती आणि स्वस्त किती? खरे तर दर कशामुळे उतरला, हे आधी विचारायला हवे. १२ अंश उत्तर अक्षांशावरचे, जेमतेम ३४४ चौरस किलोमीटरचे ग्रेनाडा घ्या. एप्रिलअखेरीस तिथे खोल्या स्वस्त होतात त्या न्यूयॉर्क, टोरांटो आणि लंडनमधली थंडी सरल्यामुळे. बेटावर काहीच बिघडलेले नसते. मे महिन्यात कोरडा ऋतू रेंगाळत असतो, चक्रीवादळांचा मोसम १ जूनला सुरू व्हायचा असतो, आणि उत्तरेकडच्या लेव्हेरा किनाऱ्यावर लेदरबॅक कासवे रात्री अंडी घालायला येतात. ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवार-मंगळवारी ‘स्पाइसमास’ कार्निव्हल असतो. सोमवारी पहाटे अंगाला काळे तेल फासलेले ‘जॅब जॅब’ रस्त्यावर उतरतात आणि मंदीच्या मोसमातही खोली मिळणे मुश्कील होते. खरी मंदी त्यानंतरची. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या कमी दरात वादळाची जोखीम मिसळलेली असते. मे आणि सप्टेंबर दोन्ही स्वस्त, पण दोन्हींत मिळणारा माल वेगळा.

पावसाची धास्ती मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते. आपल्या जुलैसारखी झड तिथे सहसा लागत नाही. सर येते, तासाभरात ओसरते आणि ऊन पडते. त्रास होतो तो वारा पडल्याचा. एरवी बेटाला सुसह्य ठेवणारे पूर्वेकडचे व्यापारी वारे सप्टेंबरात मंदावतात, दमटपणा अंगाला चिकटतो, डास वाढतात. ओढ्यांचा गाळ समुद्रात उतरल्याने डुबकी मारणाऱ्यांना पाण्यात कमी दिसते. उलट डोंगरातले धबधबे आणि जायफळाच्या बागा याच दिवसांत तजेलदार असतात. २०११पासून कॅरिबियनमध्ये वाहून येणारे सारगॅसम शेवाळ मुख्यतः पूर्वेच्या, वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर साचून कुजते. पश्चिमेला तोंड असलेला ग्रँड आन्स किनारा त्यातून बराचसा सुटतो. म्हणजे महिन्याइतकीच किनाऱ्याची दिशाही पाहावी लागते.

या मोसमात अनेक हॉटेले आणि खाणावळी काही आठवडे बंद असतात. ‘अर्धे बेट बंद असेल, तर पैसे कशाचे द्यायचे?’ ही तक्रार रास्त आहे. पण बंद दारांमागे चाललेले काम समजून घ्यावे. दक्षिण किनाऱ्यावरच्या बोटींच्या यार्डात ते उघड्यावर दिसते. पट्ट्यांच्या फिरत्या क्रेनने शिडाची बोट पाण्यातून वर उचलली जाते, तळाला चिकटलेले शेवाळ आणि कालवे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खरवडली जातात, शिडे उतरवली जातात, आणि जाड पट्ट्यांनी बोट जमिनीतल्या नांगरांना आवळली जाते. ही दक्षता अनुभवातून आली. ग्रेनाडा वादळांच्या वाटेबाहेर आहे, असे समजून तिथे बोटी ठेवल्या जात. ७ सप्टेंबर २००४ला ‘आयव्हन’ चक्रीवादळ आले आणि यार्डात ओळीने उभ्या बोटी एकमेकींवर कलंडल्या. बेटावरच्या बहुतेक घरांचे नुकसान झाले, जायफळाची झाडे उन्मळली, आणि जायफळाच्या नव्या झाडाला फळ धरायला काही वर्षे जातात. हिवाळ्यातली चकचकीत सेवा मंदीतल्या या डागडुजीवर उभी असते. तरी तिचे उदात्तीकरण नको : अनेक कामगारांसाठी हे महिने कमी तासांचे आणि कमी पगाराचे असतात. म्हणूनच लहान गेस्टहाउस, मिनीबस आणि गुयाव्ह गावच्या मासळीबाजारात खर्चलेला पैसा या काळात अधिक कामी येतो.

यावर आक्षेप असा, की वादळाच्या मोसमात मुद्दाम जाणे हा अविचार आहे. १ जुलै २०२४ला ‘बेरिल’ने ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटाची दाणादाण उडवली, तेव्हा दक्षिणेकडचे बेट म्हणजे सुरक्षित, ही समजूत पुन्हा खोटी ठरली. अक्षांशाने जोखीम कमी होते, नाहीशी होत नाही. पण एका ठरावीक आठवड्यात एका ठरावीक बेटावर वादळ आदळण्याची शक्यता कमीच असते, आणि त्याची चाहूल बहुधा काही दिवस आधी लागते. पाहुण्याची अडचण बहुतेक वेळा रद्द झालेल्या विमानाची आणि बुडालेल्या आगाऊ रकमेची असते. आणि वादळाला नाव पडल्यावर काढलेला प्रवासविमा सहसा त्या वादळाची भरपाई देत नाही. त्यामुळे हिशेब सरळ आहे. निव्वळ पैसे वाचवायचे असतील तर मे, गर्दीतला जल्लोष हवा असेल तर ऑगस्टचा पूर्वार्ध. सप्टेंबर-ऑक्टोबर फक्त त्याच्यासाठी, ज्याचे आरक्षण पैसे परत देणारे आहे आणि ज्याची परतीची तारीख चार दिवस पुढे ढकलता येते. ज्याला हे जमत नाही, त्याला सप्टेंबरची खोली कितीही कमी भावात मिळाली तरी महागच पडू शकते.